ब्रॉयलरच्या खाद्यात काय मिसळावं? सोलापूरच्या हवापाण्यातला विचार

माळरान

सध्या आपल्या भागात जो तो पोल्ट्रीवाला एकच विचारतोय, वजन वाढायला कुठली पावडर देताय? औषधाच्या दुकानात फळीवर एन्झाइम, प्रोबायोटिक, लिव्हर टॉनिक, टॉक्सिन बाइंडर, अॅसिडिफायर अशी रांगच लागलेली असते. प्रत्येक डब्यावर वजन वाढणार, एफसीआर (एक किलो वजनामागं लागणारं खाद्य) सुधारणार, मर कमी होणार असंच छापलेलं. माझं म्हणणं असं की यातल्या बऱ्याच गोष्टी खरोखर कामाच्या आहेत, पण प्रत्येकीचं काम वेगळं आहे. आपल्या शेडमध्ये नेमकं कुठं अडतंय ते कळल्याशिवाय घातलेली पावडर सरळ कोंबडखतात जाते. म्हणून हा धागा काढतोय. अनुभवी मंडळींनी भर घालावी.

मी करारावर नाही, खाद्य स्वतः बनवतो. खर्चातला साधारण ६५ ते ७० टक्के वाटा खाद्याचा, त्यामुळे हा हिशोब रोजचाच.

पहिली गोष्ट म्हणजे मूळ खाद्य. मका आणि सोया पेंडीच्या खाद्यात सगळ्यात आधी कमी पडतं मेथिओनिन, पाठोपाठ लायसिन, म्हणजे प्रथिनं ज्यांची बनतात ती अमिनो आम्लं. ही दोन्ही बाहेरून मापात घातली की नुसती प्रथिनं वाढवत बसावं लागत नाही. जादाची प्रथिनं पक्षी युरिक अॅसिड करून टाकून देतो, लिटर (शेडमध्ये खाली अंथरलेला भुसा) ओलं होतं, सकाळी शेडमध्ये शिरलं की अमोनिया डोळ्यांना झोंबतो. बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरो) मानकात प्री-स्टार्टरला, म्हणजे अगदी सुरुवातीच्या खाद्याला २३, त्यानंतरच्या स्टार्टरला २२ आणि शेवटच्या फिनिशरला २० टक्के प्रथिनं धरली आहेत. हा तोलच बिघडलेला असेल तर वरून पाजलेलं टॉनिक काय करणार?

मग एन्झाइम. यात मला सगळ्यात खात्रीचं वाटतं ते फायटेज. मक्यातला आणि सोयातला जवळपास दोन तृतीयांश फॉस्फरस फायटेटमध्ये अडकलेला असतो. तो सोडवण्याइतकं एन्झाइम कोंबडीच्या पोटात नसतं. म्हणजे तो फॉस्फरस विष्ठेतून जातो आणि आपण वरून महागाचं डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट) घालतो. फायटेज तो मोकळा करतं. किलोला ५०० युनिट हा सर्रास वापरला जाणारा डोस. पण कितीतरी जण फायटेज घालतात आणि डीसीपी होतं तेवढंच ठेवतात! मग पैसे वाचले कुठं? फॉर्म्युल्यात डीसीपी कमी केलं तरच फायटेजचा पैसा वसूल होतो. खाद्याचे पेलेट (वाफेवर दाबलेल्या गोळ्या) करत असाल तर कोटेड फायटेज घ्या, ८०-८५ अंशांच्या वाफेत साधं एन्झाइम बाद होतं. झायलॅनेज हे गव्हाचा कोंडा वापरणाऱ्यांसाठी, मॅननेज गवार कोरमा (गवार बियांची पेंड) वापरणाऱ्यांसाठी. निव्वळ मका-सोयावर त्यांच्याकडून तेवढ्या फरकाची अपेक्षा धरू नका.

प्रोबायोटिक घेताना डब्यावरचं जिवाणूचं नाव वाचा. बॅसिलस जातीचे जिवाणू बीजाणू धरतात, त्यामुळे पेलेटच्या उष्णतेतूनही टिकतात. लॅक्टोबॅसिलस तसे टिकत नाहीत, ते पाण्यातून दिलेले बरे. आणि एकीकडे प्रोबायोटिक, दुसरीकडे पाण्यात अँटिबायोटिक, असं एकाच वेळी चालवू नका. विकत घेतलेले चांगले जिवाणू आपणच मारतोय, एवढाच त्याचा अर्थ.

मिक्सिंगचं सांगायलाच हवं. टनाला ५०० ग्रॅम घालायची वस्तू थेट मिक्सरमध्ये ओतली तर एका पोत्यात सगळी आणि दुसऱ्यात काहीच नाही. आधी ती ८-१० किलो मक्याच्या भरड्यात हाताने नीट कालवून घ्यायची, मग मिक्सरमध्ये सोडायची. कोलीन क्लोराइड व्हिटॅमिनच्या प्रीमिक्समध्ये कधीही एकत्र भरून ठेवू नका. ते हवेतला ओलावा ओढतं आणि व्हिटॅमिन खराब करतं.

सांगोला_रोड

भाऊ, आमचं शेड करारावर आहे. पिल्लं, खाद्य, औषध सगळं कंपनीचं. वजन कमी भरलं की रेट कापतात. मग आम्ही स्वतःच्या पैशानं काही घालावं का?

माळरान

खाद्यात काही घालू नका. त्यांच्या फॉर्म्युल्यात आधीच काय आहे ते तुम्हाला कळवलेलं नसतं. त्यावर दुसरं काही पडलं तर नुकसान तुमच्या नावावर. तुमच्या हातात पाणी, लिटर आणि हवा आहे. पाण्यापासून सुरुवात करा.

आपल्याकडचं बोअरचं पाणी जड आणि बऱ्याच ठिकाणी मचूळ. पाण्याचा पीएच ८ च्या वर गेला की क्लोरीनचा जोर उतरतो. वास येतो, पण जंतू मरत नाहीत. अॅसिडिफायरनं पीएच आधी ६ ते ६.५ पर्यंत आणला तर तेच क्लोरीन काम करतं. पाणी खारट असेल तर खाद्यातलं मीठ कमी करावं लागतं, नाहीतर पक्षी पाणी पीत राहतो आणि लिटर भिजतं. ही गोष्ट सुपरवायझरच्या कानावर घाला, पाण्याची तपासणी करून कागद दाखवा. लसीच्या पाण्यात मात्र अॅसिड नको, क्लोरीनही नको. आदल्या दिवशीच बंद करा आणि लसीच्या पाण्यात लिटरला २ ते २.५ ग्रॅम स्किम्ड मिल्क पावडर घाला.

पशुवैद्य_माढा

धागा चांगला आहे. माझा मुद्दा अँटिबायोटिकचा, आणि त्याबद्दल मी कडक बोलणार.

अँटिबायोटिकनं वाढ होते हे १९४० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत जूक्स आणि स्टोकस्टॅड यांना दिसलं. ते व्हिटॅमिन बी-१२ चा स्रोत शोधत होते आणि ऑरिओमायसिन हे अँटिबायोटिक बनवताना उरलेला चोथा कोंबड्यांना घालत होते. पक्षी अपेक्षेपेक्षा जास्त वाढले. तिथून जगभर थोड्या थोड्या मात्रेत रोज अँटिबायोटिक चारायची पद्धत पडली. स्वीडननं १९८६ साली ती बंद केली, युरोपीय संघानं १ जानेवारी २००६ पासून. आपल्याकडे जुलै २०१९ मध्ये केंद्र सरकारनं कोलिस्टिनवर खाद्यप्राणी, कोंबड्या, मत्स्यशेती आणि पशुखाद्यासाठी बंदी घातली. कोलिस्टिन हे माणसासाठी अगदी शेवटचं राखून ठेवलेलं औषध. त्याला दाद न देण्याचा गुण एका जिवाणूतून दुसऱ्यात उडी मारतो, हे २०१५ साली चीनमध्ये डुकरांच्या तपासणीतून पुढं आलं. आयसीयूत झोपलेल्या रुग्णाचं औषध आपण ५० ग्रॅम वजनासाठी घालवायचं का? कुणी आजही "ग्रोथवाली पावडर" म्हणून बिनलेबलची पुडी दिली, तर घेऊ नका.

दुसरी गोष्ट जीवघेणी आहे. खाद्यात कॉक्सी (आतड्याचा परजीवी रोग) रोखायला सॅलिनोमायसिन, मोनेन्सिन, मदुरामायसिन असतं. तोच कळप सीआरडीनं (श्वासाचा जुनाट आजार) खुरखुरायला लागला म्हणून कुणी पाण्यातून टायाम्युलिन हे अँटिबायोटिक दिलं, तर पक्षी पाय सोडून आडवे पडतात, खाणं बंद होतं, मर लागते. ही दोन औषधं एकत्र चालतच नाहीत. टायाम्युलिन देण्याआधी खाद्यात काय आहे ते विचाराच. आणि उरलेलं ब्रॉयलरचं खाद्य घोड्यापुढं कधीही टाकू नका. मोनेन्सिनची थोडी मात्राही घोड्याच्या हृदयाला मारक ठरते. वरातीची घोडी पाळणारे आपल्याकडे अजून आहेत, म्हणून मुद्दाम लिहितोय.

विजापूर_वेस_चिकन

मी विकणारा माणूस, मला एन्झाइम-बिन्झाइम कळत नाही. पण कोंबडी आतून रोज बघतो, तेवढं सांगतो.

चांगल्या फार्मच्या मालाचं काळीज (यकृत) गडद तांबडं, बोटाला घट्ट लागतं. काही वेळा अख्खी गाडी अशी येते की काळीज पिवळट, फुगलेलं, बोट लावलं की तुटतं. त्याच गाडीतल्या पक्ष्यांच्या मांडीवर, पंखाखाली लाल-निळे डाग. गिऱ्हाईक म्हणतं, आपटली का कोंबडी? आपटलेली नसते हो. ट्रेमधून नीट काढलेली असते. पावसाळा संपता संपता आणि दिवाळीच्या आगेमागे असा माल जास्त येतो. फार्मवाल्याला फोन केला की तो म्हणतो लिफ्टिंगवाल्या (पक्षी पकडून गाडीत भरणाऱ्या) पोरांनी धसमुसळेपणा केला. कारण काय असावं?

माळरान

भाऊ, तुम्ही जे सांगितलंत ते मला या धाग्यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं. पिवळं, ठिसूळ काळीज आणि न आपटता उठणारे डाग ही अफ्लाटॉक्सिनची ओळखीची लक्षणं आहेत. हे विष अॅस्परजिलस बुरशी तयार करते. ते काळजावर बसतं, बारीक रक्तवाहिन्या कमजोर करतं, म्हणून हात लागला तरी रक्त साकळतं. प्रथिनं बनवायचं कामच मंदावतं, मग वजन येणार कुठून? १९६० साली इंग्लंडमध्ये टर्कीचे कळपच्या कळप मेले, तेव्हा शोध घेता घेता ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीत हे विष सापडलं.

आता वेळ बघा. खरिपाचा मका बाजारात येतो ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. परतीच्या पावसात भिजलेला, नीट न वाळवलेला. भाव उतरलेला असतो म्हणून आपण भरपूर भरून ठेवतो. दाण्यात १४ टक्क्यांच्या वर ओल असली की थप्पीच्या पोटात बुरशी धरते. तोच मका दळून पक्ष्याच्या पोटात जातो आणि तुमच्या दिवाळीच्या गिऱ्हाइकाच्या ताटात ते काळीज.

मीटर नसेल तर ओल बघायची घरची रीत अशी. कोरडी काचेची बरणी घ्या, तव्यावर भाजून गार केलेलं चमचाभर मीठ आणि मूठभर मका घाला, झाकण लावून हलवा, पाव तास ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर ओल साधारण १५ टक्क्यांच्या वर. तो मका वाळवल्याशिवाय थप्पीला लावू नका. थप्पी जमिनीवर नको, भिंतीला टेकून नको, खाली फळ्या हव्यातच.

टॉक्सिन बाइंडरबद्दल मोठा गैरसमज आहे. बेंटोनाइट किंवा तशा मातीचं बाइंडर अफ्लाटॉक्सिनला चांगलं धरून ठेवतं, पण टी-२ किंवा ऑक्राटॉक्सिन या बुरशीच्या दुसऱ्या विषांपुढं त्याचं फारसं चालत नाही. प्रोपिऑनिक आम्लाचं मोल्ड इनहिबिटर बुरशी वाढू देत नाही, मात्र आधीच झालेलं विष ते घालवत नाही. म्हणजे इनहिबिटर मका भरतानाच लावायचं, आणि बाइंडर संशय असलेल्या मक्यासोबत खाद्यात. लोक उलटं करतात आणि मग म्हणतात पावडर फसवी आहे.

पशुवैद्य_माढा

सहमत. यात एक जोडतो. पावसात काळी पडलेली ज्वारी स्वस्त मिळते म्हणून खाद्यात घालणारे आहेत. तिच्यात फ्युमोनिसिन असू शकतं. १९९५ साली दख्खनच्या पठारावर भिजलेली ज्वारी आणि मका खाऊन माणसंच आजारी पडली होती, ती याच विषानं. माती बाइंडर त्याला पुरत नाही. असला माल कोंबडीला नको, जनावरालाही नको.

जुळे_सोलापूरकर

मी पोल्ट्रीवाली नाही, घरात आठवड्याला चिकन होतं एवढंच. ४० दिवसांत दोन किलोची कोंबडी होते ती हार्मोनच्या इंजेक्शननं, असं आमच्या सोसायटीत सगळे म्हणतात. मुलींना द्यावं का नाही हाच प्रश्न पडतो. खरं काय ते कुणी सांगाल का?

पशुवैद्य_माढा

ताई, हार्मोन देत नाहीत. वाढीचं हार्मोन हे प्रथिन असतं, खाद्यातून दिलं तर पोटात पचून जाईल. हजारो पक्ष्यांना रोज एकेक करून टोचणं कुठल्याच शेडला परवडणार नाही. वाढ आली आहे ती निवड पद्धतीच्या पैदाशीतून. कॅनडात अल्बर्टा विद्यापीठानं १९५७, १९७८ आणि २००५ सालच्या ब्रॉयलर जाती एकत्र, एकाच खाद्यावर वाढवून पाहिल्या. ५६ दिवसांनी १९५७ ची जात ९०५ ग्रॅम, १९७८ ची १८०८ ग्रॅम आणि २००५ ची ४२०२ ग्रॅम भरली. खाद्य तेच, फरक रक्ताचा.

तुम्ही विचारायला हवं ते अँटिबायोटिकबद्दल. औषध दिल्यावर ठरलेले दिवस पक्षी विकायचा नसतो. तो नियम पाळणाऱ्याकडूनच माल उचलता का, असं दुकानदाराला विचारत जा. गिऱ्हाईक विचारायला लागलं की खालपर्यंत फरक पडतो.

विजापूर_वेस_चिकन

ताई, विचारा बिनधास्त. आम्हालाही मग फार्मवाल्याला विचारायला तोंड मिळतं.

मोहोळची_आक्का

माझ्याकडं गावरान आणि थोडे ब्रॉयलर आहेत. आमच्या मोहोळची मालदांडी ज्वारी सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. मी मक्याच्या जागी काही भाग ज्वारी घालते. पक्षी आवडीनं खातात. पण कातडी पांढरट दिसते म्हणून गिऱ्हाईक नाक मुरडतं. शिवाय ओवा, हळद, लसूण, शेवग्याचा पाला घालते. डाळिंबाच्या सालीची पूड घालावी असंही ऐकलं. आपल्याकडं साली काय कमी आहेत? याचा उपयोग आहे की नुसतं समाधान?

माळरान

आक्का, पांढरी ज्वारी चालते. तिच्यात टॅनिन कमी असतं. तांबड्या, कडवट जातींत जास्त, त्या टाळा. ऊर्जा मक्यापेक्षा किंचित कमी, तेवढं तेल वाढवा. कातडी पांढरी पडते कारण मक्यातला पिवळा रंग ज्वारीत नाही. झेंडूच्या पाकळ्या सावलीत वाळवून पूड घातली की रंग येतो. दसरा-दिवाळीनंतर बाजारात झेंडू मातीमोल असतो, पण फवारणी केलेला नसेल याची खात्री करून घ्या. रंगानं चव किंवा पोषण वाढतं असं मात्र नाही, ते फक्त डोळ्यांसाठी.

ओव्यात थायमॉल असतं, युरोपात ओरेगॅनोचं तेल वापरतात त्यातही थायमॉल आणि कार्व्हाक्रॉल. हे पदार्थ आतड्यातल्या वाईट जिवाणूंना आवर घालतात, यात तथ्य आहे. अडचण मापाची. घरच्या ओव्यात तेल किती, हे दर खेपेला बदलतं. म्हणून निकालही बदलतो. हळद, लसूण यांचंही तसंच. द्यायला हरकत नाही, पण आजारी पक्ष्याला औषधाऐवजी देऊ नका.

डाळिंबाच्या सालीत अँटिऑक्सिडंट भरपूर, मांसातली चरबी खवट होण्याचा वेग त्यानं कमी होतो असं प्रयोगांत दिसलंय. पण तीच साल टॅनिननं भरलेली. जास्त झाली की खाद्य कमी खाल्लं जातं, प्रथिनं पचत नाहीत, वजन घटतं. शिवाय बागेत शेवटपर्यंत फवारण्या चालतात, त्या सालीवरच बसतात. ज्यूसवाल्याकडची साल उचलून दळू नका. घालायचीच तर स्वतःच्या बागेतली, धुऊन वाळवलेली, अगदी थोडी.

अक्कलकोट_रोड_पोल्ट्री

उन्हाळ्याचं कुणी बोललं नाही अजून! एप्रिल-मे मध्ये ४२-४३ डिग्रीला पक्षी जगवणं हाच आमचा धंदा असतो. मी गूळपाणी, व्हिटॅमिन सी, इलेक्ट्रोलाइट सगळं देतो. तरी दुपारी तीन ते पाच भीती असतेच.

पशुवैद्य_माढा

कोंबडीला घामाच्या ग्रंथी नाहीत. ती धापा टाकून उष्णता बाहेर काढते. धापेबरोबर कार्बन डायऑक्साइड जादा निघून जातो आणि रक्त अल्कधर्मी होतं. खाण्याचा सोडा इथं कामाला येतो. खाद्यातल्या मिठाचा काही भाग काढून त्या जागी सोडा घालायचा, सोबत पोटॅशियम क्लोराइड. बीटेन पेशीतलं पाणी धरून ठेवतं, उन्हाळ्यात मला ते पैशाला जागणारं वाटतं. व्हिटॅमिन सी कोंबडी स्वतः बनवते, पण उष्णतेच्या ताणात ते पुरत नाही. खाद्यात किलोला २०० ते २५० मिलिग्रॅम द्या. पाण्यातून देत असाल तर पहाटे आणि ताजं, क्लोरीनच्या पाण्यात ते टिकत नाही.

यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे दुपारी खाद्य उचला. पचनाची उष्णता खाल्ल्यानंतर काही तासांनी चढते. दहाच्या आत फीडर वर घ्या, पाच नंतर खाली सोडा, रात्री लाइट देऊन खाऊ घाला. प्रथिनांपेक्षा तेलातून मिळालेली ऊर्जा कमी उष्णता करते, म्हणून उन्हाळी फॉर्म्युल्यात तेल थोडं वाढवून अमिनो आम्लांचा तोल राखत प्रथिनं थोडी उतरवता येतात. आणि टाकी! छतावरच्या काळ्या टाकीत दुपारी पाणी कढत होतं. तिच्यावर ओलं गोणपाट नसेल तर त्या पाण्यातली सगळी पावडर फुकट.

बार्शीकर

सगळं वाचलं. मांसाच्या प्रतीबद्दल विचारायचं होतं. व्हिटॅमिन ई, सेलेनियम, जवस यांवर बरंच लिहून येतं. आपल्याकडं करडई आहे, तिची पेंड किंवा तेल वापरून "ओमेगा चिकन" करता येईल का?

आणि दुसरं म्हणजे, एखाद्या वस्तूचा फायदा झाला की नाही हे ठरवायचं कसं? एका बॅचला वजन चांगलं येतं, दुसऱ्याला नाही.

माळरान

करडईनं ओमेगा-३ येणार नाही. करडईच्या तेलात लिनोलेइक आम्ल, ते ओमेगा-६. ओमेगा-३ साठी जवसच. पण जवस वाढवलं की मांसाला उग्र वास येऊ शकतो आणि ती चरबी लवकर खवट होते, म्हणून सोबत व्हिटॅमिन ई वाढवावंच लागतं. मासळीच्या कुटीचा वासही मांसात उतरतो, फिनिशरमध्ये ती नको.

शेवटच्या काही आठवड्यांत किलोला २०० मिलिग्रॅमच्या आसपास व्हिटॅमिन ई दिलं तर साठवणीत मांस खवट व्हायला वेळ लागतो, पाणीही कमी सुटतं. याचा खरा फायदा फ्रोझन माल करणाऱ्याला. आपल्याकडं सकाळी कापलेली कोंबडी दुपारी पातेल्यात असते. तिथं हा जादा खर्च कोण भरून देणार? आधी गिऱ्हाईक नक्की करा, मग व्हिटॅमिन.

फायदा ठरवायचा तर एकाच शेडमध्ये मधे जाळी लावा. एकाच हॅचरीची, एकाच दिवशीची पिल्लं दोन्हीकडं समान टाका. खाद्य तेच, फक्त एका बाजूला ती वस्तू. दोन्ही बाजूंच्या खाद्याची पोती वेगळी मोजा. दर आठवड्याला प्रत्येक बाजूचे निदान ५० पक्षी तोला, हाताला लागतील ते मोठे उचलू नका, कोपऱ्यात घेरून जे सापडतील ते सगळे. पुढच्या बॅचला बाजू बदला, कारण पश्चिमेकडची बाजू नेहमीच जास्त तापते. मागच्या बॅचशी तुलना करून काही कळत नाही. हवा वेगळी, पिल्लं वेगळी, मका वेगळा.

हिशोबही सोपा आहे. ५००० पक्षी, सरासरी २ किलो. एफसीआर १.६५ वरून १.६० आला तर पक्ष्यामागं १०० ग्रॅम, म्हणजे बॅचला ५०० किलो खाद्य वाचलं. एकूण खाद्य लागतं १६ टन. टनाला ५०० ग्रॅम डोस असेल तर ८ किलो पावडर. त्या ८ किलोची किंमत ५०० किलो खाद्यापेक्षा बरीच कमी असेल तरच ती वस्तू ठेवायची.

विजापूर_वेस_चिकन

माझ्याकडून एकच विनंती सगळ्या फार्मवाल्यांना. लिफ्टिंगच्या आधी खाद्य उचला हो. पोटं भरून वजनाला घातलेली कोंबडी कापताना फुटते, सगळं मांस घाण होतं, ते धुऊन निघत नाही.

पशुवैद्य_माढा

बरोबर. कापण्याआधी एकूण ८ ते १२ तास पोट रिकामं हवं, गाडीतला वेळ त्यातच धरायचा. पाणी मात्र पक्षी पकडेपर्यंत चालू. उन्हाळ्यात लिफ्टिंग रात्रीच करा, धापा टाकत आलेल्या पक्ष्याचं मांस फिकट पडतं आणि ट्रेमध्ये पाणी सोडतं.

अक्कलकोट_रोड_पोल्ट्री

माझ्या बॅचला अजून दहा दिवस आहेत. फिनिशरमध्ये कॉक्सीची पावडर चालू आहे. कधी बंद करू?

पशुवैद्य_माढा

पोत्यावरचं लेबल बघा, विक्रीआधी किती दिवस बंद हवं ते लिहिलेलं असतं. सॅलिनोमायसिन असेल तर शेवटचे पाच दिवस तरी बिनपावडरचं फिनिशर द्या. ते आत्ताच वेगळं दळून ठेवा आणि त्या दळणाआधी मिक्सर झाडून घ्या, तळाशी आधीचं खाद्य राहतं.